लिब्रेऑफिस दुसऱ्याच्या संगणकावर रुजवताना

गोव्यात मराठीतून चालणारे कागदोपत्री काम थोडेथोडके नाही. महाजनांना (देवस्थानच्या हक्कदार सभासदांना) जाणाऱ्या देवस्थानच्या नोटिसा, जत्रोत्सवाच्या पत्रिका, मराठी प्राथमिक शाळांची निकालपत्रके, भजनी मंडळांचे हिशेब, नाटकांच्या संहिता, पंचायतीला द्यायचे अर्ज. पेडण्यापासून काणकोणापर्यंत ज्या संगणकांवर हे काम होते, त्यांतल्या कितीतरी संगणकांवर ऑफिस सॉफ्टवेअर कोणीतरी कधीतरी 'टाकून दिलेले' असते. परवाना कोणाच्या नावावर आहे, हे विचारायची वेळच येत नाही. आता ती आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबवली आणि त्याच दिवशी ऑफिस २०१६ व २०१९ चाही आधार संपला. पुढे काय करायचे, असे लोक विचारू लागले आहेत, आणि मोफत, मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरबद्दल बोलायला याहून चांगली वेळ नाही.

लिब्रेऑफिस हे असेच एक मोफत, मुक्त ऑफिस सॉफ्टवेअर. तुम्ही स्वतः ते वापरता आणि आता शेजारच्या दुकानदाराला, शाळेतल्या बाईंना किंवा देवस्थानच्या सचिवांना ते सुचवावे असे तुमच्या मनात आहे, असे धरून हे लिहितो आहे. माझे सांगणे एवढेच, की सॉफ्टवेअरची थोरवी पटवत बसू नका. समोरच्याची रोजची दोन-तीन कामे त्यात पुरी करून दाखवा आणि पहिला महिनाभर त्याच्या हाकेला ओ द्या. ही दुसरी गोष्ट जमणार नसेल, तर पहिलीला हात घालू नका. अर्ध्यात सोडलेला माणूस पुन्हा कधीही अशा गोष्टीच्या वाटेला जात नाही, आणि इतरांनाही जाऊ देत नाही.

आधी आपल्याला माहीत हवे ते

लोक पहिला प्रश्न विचारतात तो असा: "फुकट आहे म्हणजे कधीतरी बंद पडेल ना?" याचे उत्तर इतिहासात आहे. जर्मनीतील स्टार डिव्हिजन या कंपनीचे स्टारऑफिस १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतले आणि २००० मध्ये त्याचा मूळ कोड खुला केला. त्यातून ओपनऑफिस झाले. पुढे सन कंपनी ओरॅकलकडे गेली, तेव्हा अनेक कार्यकर्त्यांनी सप्टेंबर २०१० मध्ये तोच कोड घेऊन लिब्रेऑफिस सुरू केले. त्याचा सांभाळ करणारी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' ही संस्था बर्लिनमध्ये नोंदलेली आहे. मालक बदलले, कंपन्या गेल्या, तरी काम चालूच राहिले, कारण कोड कोणाच्या तिजोरीत बंद नव्हता. हेच सांगा, आणि थोडक्यात सांगा.

याच्याशी जोडलेली एक सूचना. ओपनऑफिस हे जुने नाव अजून फिरते, आणि कोणी आपणहून शोधायला गेले की तेच हाती लागते. अपाचे ओपनऑफिस (ओपनऑफिसचे आजचे रूप) वर्डची डॉक्स फाइल उघडते, पण डॉक्स स्वरूपात सेव्ह करत नाही, आणि त्याचा विकासही फार मंदावला आहे. म्हणून नाव स्पष्ट सांगा, कागदावर लिहून द्या: लिब्रेऑफिस.

पहिली भेट

पहिल्या भेटीत काहीही इन्स्टॉल करू नका. खुर्ची ओढून शेजारी बसा आणि विचारा, "काका, गेल्या महिन्यात कुठल्या कुठल्या फाइली उघडल्यात, त्या जरा दाखवता?" संगणकावरचा 'अलीकडच्या फाइली' हा भाग तुम्हाला तासाभराच्या गप्पांपेक्षा जास्त सांगून जाईल.

त्या फाइलींचे मनाशी तीन वाटे करा.

पहिला वाटा साधा. पत्रे, नोटिसा, इतिवृत्ते, वर्गणीच्या याद्या, विद्यार्थ्यांच्या गुणांच्या शीट, बेरीज-टक्केवारी. हे काम लिब्रेऑफिसच्या रायटर (वर्डसारखा भाग) आणि कॅल्कमध्ये (एक्सेलसारखा भाग) आजच्या आज होते. बहुतेकांचे बहुतेक काम इतकेच असते, आणि ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की समोरच्याचा धीर वाढतो.

दुसऱ्या वाट्यात थोडी डागडुजी लागते. जुन्या मराठी फॉन्टमधल्या फाइली, गुंतागुंतीच्या कोष्टकांची निमंत्रणे, पॉवरपॉइंटची सजवलेली सादरीकरणे, पेजमेकर किंवा पब्लिशरमध्ये केलेल्या पत्रिका. इथे बऱ्याच जणांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे, लिब्रेऑफिसचे ड्रॉ (चित्रे आणि मांडणीचा भाग) पेजमेकरच्या, पब्लिशरच्या आणि कोरलड्रॉच्याही अनेक फाइली उघडते. मांडणी जशीच्या तशी येईलच असे नाही, पण ज्या फाइली आज कुठेच उघडत नाहीत, त्यांतला मजकूर आणि चित्रे हाती लागू शकतात. स्मरणिका काढणाऱ्या मंडळांना हे नक्की दाखवा.

तिसरा वाटा म्हणजे ज्याला हात लावायचा नाही. एक्सेलमध्ये व्हीबीए मॅक्रो (कामे आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) लिहून बनवलेल्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये पूर्ण चालतीलच असे नाही. प्राप्तिकर विवरणपत्राची किंवा जीएसटीची काही एक्सेल युटिलिटी मॅक्रोवरच चालते. कर-सल्लागाराच्या कार्यालयात हे रोजचे काम आहे. तिथे सरळ सांगा, "तुमच्या या संगणकावर परवाना असलेले एक्सेल ठेवाच. बाकीच्या तीन संगणकांवर पत्रेच टाइप होत असतील, तर ते आपण बदलू." हे सांगितल्यावर तुमच्या शब्दाला वजन येते. सगळे बदलाच, असा हट्ट धरणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे. हिशेबासाठी टॅली वापरणाऱ्याचे टॅली तसेच राहते. त्यातून बाहेर काढलेली एक्सेल शीट कॅल्कमध्ये उघडते.

भेट संपताना त्यांच्या चार-पाच फाइलींच्या प्रती पेन ड्राइव्हवर घ्या, परवानगी विचारून. घरी जाऊन त्या तुमच्या लिब्रेऑफिसमध्ये उघडा, प्रिंट काढा आणि मूळ प्रिंटशेजारी ठेवून पाहा. काय हलले, काय बिघडले, ते त्यांच्या आधी तुम्हाला कळले पाहिजे.

काय बोलावे, काय बोलू नये

परवान्याविना वापरलेल्या सॉफ्टवेअरबद्दल बोलावे लागते, पण माणसाला अपराधी वाटेल असे नाही. बहुतेकांनी ते स्वतः टाकलेले नसते. संगणकासोबत आलेले असते. माहिती म्हणून एवढे सांगा, की कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. त्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. त्याहून जवळचा धोका म्हणजे परवान्याविना सॉफ्टवेअर चालू करून देणाऱ्या, 'ॲक्टिव्हेटर' नावाने फिरणाऱ्या फाइली. त्या चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्यातून आत काय शिरते ते कळत नाही. शाळेच्या किंवा पतसंस्थेच्या संगणकात लोकांचे आधार क्रमांक असतात, बँक खाती असतात. तिथे ही जोखीम घेणे मला मुळीच पटत नाही.

पैशांचा मुद्दा लोकांना आपोआप कळतो, त्यावर वेळ घालवू नका. मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो टिकण्याचा मुद्दा. पणजीच्या पुराभिलेखागारात सोळाव्या शतकापासूनचे कागद जपलेले आहेत. पोर्तुगीज येत असेल, मोडी येत असेल, तर ते आजही वाचता येतात. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एखाद्या गावातल्या मंडळाने काढलेल्या स्मरणिकेची फाइल उघडायला आज सॉफ्टवेअर मिळत नाही. लिब्रेऑफिस फाइली ज्या मूळ स्वरूपात ठेवते ते ओडीएफ २००६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक-संस्थेचे मानक आहे (क्रमांक २६३००). त्याची रचना कोणालाही वाचता येते, म्हणून उद्या लिब्रेऑफिस राहिले नाही, तरी ती फाइल उघडणारे दुसरे काही बनवता येईल. गावाच्या देवळाचे, शाळेचे, वाचनालयाचे दप्तर कोणा एका कंपनीच्या मर्जीवर का अवलंबून राहावे? हा प्रश्न विचारल्यावर जुनीजाणती माणसे लगेच लक्ष देतात, असा अनुभव आहे.

कोणी "सरकारी कामात हे चालते का?" असे विचारले, तर केंद्र सरकारचे २०१५ चे मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण आहे, हे सांगा. केरळच्या शाळांत मुले वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकत आहेत. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार संगणक लिब्रेऑफिसवर नेण्याचे ठरवले. म्युनिक शहराने मात्र बरीच वर्षे मुक्त सॉफ्टवेअर वापरून २०१७ मध्ये परत फिरण्याचा निर्णय घेतला. कोणी हे काढले तर नाकारू नका.

बसवणे

हा भाग सोपा आहे. लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतले तर पैसे पडतात, संकेतस्थळावर ते मोफत आहे. दोन आवृत्त्या दिसतील. दुसऱ्याच्या संगणकासाठी त्यांतली जुनी, जास्त दुरुस्त्या झालेली घ्या. फाइल साडेतीनशे एमबीच्या आसपास असते. सत्तरी-सांग्यासारख्या भागात नेट रेंगाळते, तेव्हा ती पेन ड्राइव्हवर सोबत न्या. अशी प्रत वाटणे परवान्याप्रमाणे पूर्ण कायदेशीर आहे, आणि हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटते. फार जुन्या यंत्रांबाबत एक लक्षात ठेवा: २५.८ या आवृत्तीपासून विंडोज ७ आणि ८ वर ते चालत नाही.

इन्स्टॉल करताना 'कस्टम' निवडले, तर मेनूची भाषा म्हणून मराठी आणि कोकणीही घेता येते. मराठी मेनूत काही ठिकाणी इंग्रजी शब्द राहिलेले दिसतात. ज्यांचा हात इंग्रजी मेनूवर बसला आहे, त्यांना इंग्रजीच राहू द्या. नव्याने शिकणाऱ्याला मराठी दाखवा.

वर्ड-एक्सेलच्या फाइली यापुढे लिब्रेऑफिसमध्येच उघडायच्या का, असे विचारले जाईल. सध्या 'नाही' करा. आणि जुने ऑफिस परवान्याचे असेल तर काढू नका. दोन्ही शेजारी शेजारी नीट चालतात. परत जायची वाट उघडी आहे, हे दिसले की माणूस निर्धास्तपणे नवे करून पाहतो.

मराठीची जुळवणी

इथे घाई करू नका. गोव्यातल्या मराठी माणसाचे लिब्रेऑफिसशी जमणार की नाही, ते इथेच ठरते.

'टूल्स'मधल्या 'ऑप्शन्स'मध्ये भाषांचा भाग उघडा. तिथे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू करून त्यासमोर मराठी निवडा. त्याच ठिकाणी 'लोकेल' इंग्लिश (इंडिया) ठेवा. त्यामुळे रुपयाचे चिन्ह, दिवस-महिना-वर्ष असा तारखेचा क्रम आणि १२,३४,५६७ असे लाखांचे स्वल्पविराम कॅल्कमध्ये मिळतात. खजिनदाराला १,२३४,५६७ असे दिसले, तर त्याचा विश्वास तिथेच उडतो.

आता फॉन्ट. लिब्रेऑफिस इंग्रजी अक्षरांचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीचा वेगळा लक्षात ठेवते. त्यामुळे "मी साइज १६ केली, पण मराठी लहानच राहिली" ही तक्रार हमखास येते. तिचा कायमचा इलाज असा: 'डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल' संपादित करा, फॉन्टच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्टच्या रकान्यात मराठी फॉन्ट आणि आकार ठरवा, मग कोरी फाइल 'टेम्प्लेट' म्हणून सेव्ह करताना तीच नेहमीची टेम्प्लेट करा. यापुढे प्रत्येक नवी फाइल तशीच उघडेल. मुक्ता, नोटो सॅन्स देवनागरी, लोहित देवनागरी, मुंबईच्या आयआयटीचा शोभिका, हे सगळे मोफत आणि युनिकोड (कुठल्याही संगणकावर देवनागरी तशीच दिसावी अशी सर्वमान्य पद्धत) फॉन्ट आहेत. नोटिशीसाठी मला शोभिका आवडतो. जोडाक्षरे त्यात छापखान्यातल्या जुन्या वळणाची दिसतात.

खरी कसरत जुन्या फाइलींची. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, डीव्हीबी-टीटी या जुन्या फॉन्टांच्या काळातल्या फाइलींत आत देवनागरी नसतेच; रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट त्या संगणकावर असेल तोवर ती फाइल लिब्रेऑफिसमध्येही साधारण ठीक दिसते. दुसऱ्या संगणकावर नेली की निरर्थक अक्षरांचा गोंधळ. समोरचा म्हणणार, "बघ, तुझ्या सॉफ्टवेअरने फाइल खराब केली." त्याआधी तुम्हीच तीच फाइल फॉन्ट नसलेल्या संगणकावर वर्डमध्ये उघडून दाखवा. तिथेही तोच गोंधळ दिसतो, आणि दोष कुठे आहे ते कळते.

सगळ्या जुन्या फाइली एकदम युनिकोडमध्ये आणायला जाऊ नका. दरवर्षी लागतात त्या निवडा: जत्रेची पत्रिका, वार्षिक सभेची नोटीस, महाजनांची यादी, शाळेचा दाखल्याचा नमुना. बदलक (जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोड करून देणारे साधन) वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि नंतर एका जाणत्या माणसाकडून ओळ न् ओळ तपासून घ्या. रफार, पहिली वेलांटी आणि 'ज्ञ', 'क्ष' ही जोडाक्षरे इथे हमखास चुकतात. नावांत झालेली चूक लोक विसरत नाहीत. उरलेल्या फाइलींच्या पीडीएफ काढून ठेवा, म्हणजे निदान वाचता तरी येतील.

शुद्धलेखन तपासण्यासाठी मराठी शब्दकोशाची जोड लिब्रेऑफिसच्या एक्स्टेन्शनच्या पानावर मिळते. आडनावे आणि गावांची नावे तिला अर्थातच ठाऊक नसतात. शिरोडकर, पर्येकर, केरी, कुंकळ्ये असे शब्द पहिल्या आठवड्यातच कोशात घालून द्या, नाहीतर पानभर लाल रेघा बघून माणूस वैतागतो.

देवाणघेवाण

बाहेर पाठवायच्या कागदाचे दोनच प्रकार शिकवा. समोरच्याने फक्त वाचायचा असेल तर पीडीएफ, दुरुस्ती करायची असेल तर डॉक्स. देवस्थानचे अंदाजपत्रक मामलेदारांकडे जाते, शाळेची माहिती खात्याकडे जाते. तिथल्या कर्मचाऱ्याला ओडीटी (रायटरची ओडीएफ) फाइल पाठवून त्याची पंचाईत करू नका. आपल्या दप्तरात मात्र ओडीएफमध्येच ठेवा. डॉक्स सेव्ह करताना 'हेच स्वरूप ठेवायचे का?' अशी खिडकी येते. ती धोक्याची घंटा नसून साधा प्रश्न आहे, हे आधीच सांगून ठेवा.

एक सोय मला फार उपयोगी वाटते. पीडीएफ काढताना 'हायब्रिड पीडीएफ' हा पर्याय निवडला, की त्या पीडीएफच्या पोटातच मूळ ओडीएफ फाइल राहते. वाचणाऱ्याला ती पीडीएफ, आणि लिब्रेऑफिसवाल्याला तीच दुरुस्त करता येणारी फाइल. सभेची नोटीस अशी ठेवली, तर पुढच्या वर्षी 'मूळ फाइल कुठे?' म्हणून शोधाशोध होत नाही.

कॅलिब्री आणि केंब्रिया हे मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट नसतील, तर लिब्रेऑफिस त्याच मापाचे कार्लिटो आणि कॅलाडिया वापरते, त्यामुळे इंग्रजी पत्रांच्या ओळी फारशा हलत नाहीत.

पहिला महिना

पहिल्या आठवड्यात एकच काम लिब्रेऑफिसमध्ये करायचे ठरवा, तेही घाईचे नसलेले. चतुर्थीच्या तोंडावर किंवा जत्रेच्या आदल्या आठवड्यात कोणालाही बदलायला सांगू नका. शाळेत परीक्षा संपून निकाल लागल्यानंतरचे दिवस बरे.

मेनू अनोळखी वाटतो म्हणणाऱ्याला 'व्ह्यू'मधल्या 'यूझर इंटरफेस'मध्ये 'टॅब्ड' निवडून द्या. वर्डसारखी पट्टी येते. एक्सेल सराईतपणे वापरणाऱ्याला पिव्हट टेबल आणि व्ही-लुकअप आहे तिथेच दाखवा, एक्स-लुकअप २४.८ पासून मिळते. पण खरा आनंद देते ते लेबल आणि मेल मर्ज. महाजनांची यादी कॅल्कमध्ये, नोटीस रायटरमध्ये, आणि प्रत्येकाच्या नाव-पत्त्यासह सगळ्या प्रती एका दमात. हाताने पाकिटे लिहिणाऱ्या सचिवांना हे करून दाखवले, की पुढची वाट ते आपणहून विचारतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिब्रेऑफिसचे धडे मराठीतून ऐकता येतात. ज्यांना शिकताना कोणी शेजारी नको असते, त्यांना ते डाउनलोड करून द्या.

फोन येईल तेव्हा "ते असे नसते करायचे" म्हणू नका. काय करत होता ते ऐका, स्क्रीनचा फोटो मागवा. बहुतेक वेळा अडचण फॉन्टची, प्रिंटरच्या कागदाच्या मापाची किंवा चुकून दाबलेल्या एखाद्या बटणाची असते.

आणि कोणी महिनाभराने म्हणाले की मला जुनेच बरे, तर ते मान्य करा. त्यांच्या फाइली डॉक्स-एक्सएलएसएक्समध्ये करून द्या, परवाना घ्यायला सांगा. पुढच्या वेळी नूतनीकरणाचे पैसे भरताना त्यांना तुमची आठवण होईलच.

समिती बदलली तर

देवस्थानची समिती ठरावीक मुदतीने बदलते, मंडळांचे पदाधिकारी बदलतात, शाळेतल्या बाईंची बदली होते. तुम्ही शिकवलेला एकच माणूस गेला, तर नवा माणूस पहिल्याच दिवशी जुने ऑफिस 'टाकून' घेतो. म्हणून नेहमी दोघांना शिकवा, त्यातला एक तरुण असू द्या. संगणकाशेजारी एका पानाचा छापील कागद लावा: फाइली कुठल्या फोल्डरमध्ये, बाहेर पाठवताना कुठले स्वरूप, मराठी फॉन्ट कुठला, नवी आवृत्ती कुठून घ्यायची, आणि अडले तर कोणाला विचारायचे.

काही अडचणी तुमच्याही हाताबाहेरच्या असतील. एखादे जोडाक्षर प्रिंटमध्ये तुटते, एखादी डॉक्स उघडताना कोष्टक विस्कटते. अशा वेळी लिब्रेऑफिसच्या बगझिलावर (दोष नोंदवण्याच्या संकेतस्थळावर) तक्रार नोंदवा. खाते मोफत उघडता येते. देवनागरीतले दोष बर्लिनमध्ये बसलेल्याला दिसत नाहीत, ते आपणच दाखवायचे असतात. तक्रार इंग्रजीत लिहा, आवृत्तीचा क्रमांक द्या, आणि जिच्यात बिघाड दिसतो ती फाइल सोबत जोडा. जोडण्यापूर्वी तिच्यातली लोकांची नावे, पत्ते, फोन नंबर काढून त्या जागी दुसरा मजकूर घाला, कारण तिथे जोडलेली फाइल जगात कोणालाही उघडता येते.